बुडवून जपलेली नाव

वैशाखाच्या ऐन उन्हात वसईकडील एक कुटुंब आमच्याकडे पाहुणे म्हणून आले होते. सायंकाळी ऊन उतरल्यावर त्यांना घेऊन आम्ही वैनगंगेवर गेलो. त्या दिवसांत नदी म्हणजे रेतीचे विस्तीर्ण पटांगण आणि त्याच्या एका कडेने वाहणारी पाण्याची बारीक धार. धारेच्या वळणावर एक डोह आहे. डोहाच्या काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, एक लांबट काळा डोंगा तळाला बसलेला दिसत होता. त्यात पाच-सहा मोठे दगड होते. पाहुण्यांतील वडीलधारे गृहस्थ कोळीवाड्यात वाढलेले. त्यांनी चटकन क्रुसाची खूण केली आणि हलक्या आवाजात विचारले, “फादर, ह्यात कोणी गेले का?”

“कोणी गेले नाही,” आम्ही म्हणालो. “नाव बुडालेली नाही. ती ठेवलेली आहे.”

त्यांचा विश्वास बसला नाही. नाव ठेवायची म्हणजे ती पाण्याबाहेर काढायची, उंचावर ओढायची आणि झाकायची, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. पाण्यातली वस्तू पाण्यातच बुडवून कशी जपता येईल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या प्रश्नाने आम्हांलाही पुष्कळ दिवस सोबत केली. वनजिल्ह्यांतील ह्या साध्या रीतीमागे लाकडाचे, पाण्याचे आणि माणसांचे मोठे ज्ञान आहे. ते आम्हांला कसे कळले, आणि कळण्यापूर्वी आमच्या हातून काय चूक झाली, हे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नावेची विश्रांती

नाव हंगामापुरती वापरायची आणि उरलेला काळ जपून ठेवायची, ही रीत फार प्राचीन आहे. तिची एक जुनी लेखी नोंद ग्रीक कवी हेसिअड ह्याच्या काव्यात सापडते. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमाराचा हा शेतकरी कवी आपल्या भावाला शेतीचे आणि संसाराचे धडे देतो. त्यांतच हिवाळ्यात नाव कशी ठेवावी तेही सांगतो. नाव जमिनीवर ओढून घ्यावी. वाऱ्याने हलू नये म्हणून तिच्याभोवती दगड रचावेत. तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी साचून लाकूड कुजणार नाही. शीड आणि दोर घरात नीट ठेवावेत, आणि सुकाणू चुलीच्या धुरावर टांगावे. धुराच्या जागी ठेवलेल्या वस्तूला कीड लागत नाही, हे आमच्या खेड्यांतील कोणत्याही आजीला सांगावे लागत नाही.

रोमनांनी ह्या रीतीला पंचांगाची शिस्त लावली. वेजेशियस नावाच्या लेखकाने युद्धशास्त्रावरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, ११ नोव्हेंबर ते १० मार्च हा काळ समुद्र बंद असतो. आरंभीच्या ख्रिस्ती धर्मसभेचे प्रेषित ह्याच समुद्रावरून, ह्याच पंचांगाला धरून प्रवास करीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकातील सत्ताविसावा अध्याय पुष्कळांनी वादळाची कथा म्हणून वाचला असेल. पण तो मुळात नाव हिवाळ्यात कोठे ठेवावी ह्या वादाचा अध्याय आहे.

संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेले जात होते. उपवासाचा दिवस उलटून गेला होता, म्हणजे शरद ऋतू लागला होता. क्रीट बेटाच्या एका बंदरात जहाज थांबले असता पौलाने सांगितले की, पुढे गेल्यास जहाज, माल आणि माणसे ह्यांचे मोठे नुकसान होईल. ते बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नव्हते. फेनिके हे बंदर अधिक चांगले होते. शताधिपतीने पौलापेक्षा तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. पुढे ईशान्येकडून वादळ आले. खलाशांनी जहाजाला खालून दोरखंडांनी आवळून बांधले, माल समुद्रात टाकला, अखेर गहूही टाकला. माल्टा बेटाजवळ जहाज फुटले. त्यावरील २७६ जीव वाचले ही देवाची करुणा. पुढचा तपशील मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही: तीन महिन्यांनंतर ही मंडळी ज्या जहाजाने पुढे निघाली ते अलेक्झांड्रियाचे जहाज त्याच बेटावर हिवाळा काढून सुखरूप राहिले होते. एक जहाज वेळेवर थांबले आणि वाचले. दुसरे थांबले नाही आणि फुटले.

ह्या कथेत चुकीचा सल्ला देणारे अडाणी नव्हते. तांडेल आपल्या कामात निष्णात असणार. पौल तर खलाशीही नव्हता. पण करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, त्याने तीन वेळा जहाज फुटण्याचा अनुभव घेतला होता. पाण्याविषयी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता. आम्हांला तो पुढे वैनगंगेच्या काठी भेटला.

किनाऱ्याची रीत

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना नाव ठेवण्याचा काळ म्हणजे हिवाळा असे म्हटल्यास हसू येईल. वसई, अर्नाळा, उत्तन, गोराई, मढ येथे हिवाळा हा मासेमारीच्या भराचा काळ. तेथे नावेची विश्रांती पावसाळ्यात. आता राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी असते. पण पावसाळ्यात दर्यावर जायचे नाही, हा कोळ्यांचा नियम कायद्याहून जुना आहे. बंदीपूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांची डागडुजी होते, आणि मग त्या शाकारल्या जातात. ‘शाकारणे’ हा मुळात घराचा शब्द. ज्या हातांनी पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर शाकारायचे, त्याच हातांनी होडीलाही छप्पर करायचे. पूर्वी हे काम माडाच्या झावळ्यांच्या झापांनी होई; आता ताडपत्री आणि प्लास्टिक आले. पावसाळा ओसरला की समुद्राला नारळ अर्पण होतो, आणि आमच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात.

ह्या रीतीचे कारण होडीच्या बांधणीत आहे. समुद्रावरची होडी अनेक फळ्यांची. फळ्यांच्या सांध्यांत पावसाचे गोडे पाणी मुरले की लाकूड कुजते आणि खिळे गंजतात. म्हणून तिचा शत्रू पाऊस, आणि तिचे रक्षण छप्पराने. आमच्या पाहुण्यांचे ज्ञान ह्या अनुभवावर उभे होते, आणि आपल्या जागी ते पूर्ण खरे होते.

नद्यांचा मुलूख

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. त्यांच्यामध्ये आज बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा हीच सीमा आहे. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यातून निघालेली ही नदी भंडाऱ्याकडून खाली येते, चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. तेथून जवळच, सोमनूर येथे, बस्तरकडून येणारी इंद्रावती गोदावरीला मिळते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम ह्या तिघींचा संगम आहे. सासर एका काठाला आणि माहेर दुसऱ्या काठाला, शेत अलीकडे आणि बाजार पलीकडे, अशा मुलखात नावेवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालले नाही. १९६२ साली केरळमधील कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंकडे चांदा मिशनचे काम आले, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच नकाशे होते: अंतर मैलांत कमी, नद्यांत अधिक.

येथील नावेचे वर्ष समुद्रावरच्या नावेहून निराळे. आषाढ-श्रावणात मोठ्या नद्या दुथडी भरतात, तेव्हा शहाणा नावाडी डोंगा उंच काठावर झाडाला बांधून ठेवतो; लहान नद्यानाल्यांवर मात्र पावसाळ्यात गावे तुटतात आणि डोंग्यावाचून दुसरा आधार उरत नाही. आश्विनापासून माघापर्यंत मोठ्या नद्यांवर उताराचा खरा हंगाम. शिमगा झाला की पाणी हटू लागते. चैत्रात माणसे गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जातात, आणि डोंगा रिकामा होतो. तेव्हापासून मृगापर्यंत त्याला काम नाही. थंड देशांत नावेला हिवाळा जसा येतो, तसा आमच्या डोंग्याला उन्हाळा येतो. आणि तो उन्हाळा साधा नव्हे. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो.

डोंगा म्हणजे एकाच भरदार खोडातून कोरलेली नाव. बाहेरून खोडाला आकार द्यायचा, आतून वाकसाने कोरीत जायचे. फळी नाही, सांधा नाही, खिळा नाही. त्यामुळे गळतीचे भय नाही. पण एक उभी भेग गेली की जोडायला दुसरी फळीही नाही. ओल्या लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागला की लाकूड आकसते, आणि ते सगळीकडे सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने ते अधिक आकसते, गाभ्याकडून सालीच्या दिशेने त्याच्या निम्म्यानेच. शिवाय दोन्ही टोकांकडून ओलावा फार लवकर उडतो. टोके आकसतात, मध्य ओला राहतो, आणि ह्या ओढाताणीत लाकूड फाटते. ह्याउलट पूर्ण पाण्याखाली बुडालेले लाकूड आकसत नाही. तेथे हवा पोहोचत नसल्याने कुजविणारी बुरशी वाढत नाही आणि वाळवीला तर वाटच नाही. लाकडाला मारतात ते कोरडे ऊन, किंवा एक दिवस ओले आणि एक दिवस कोरडे असे हेलकावे. एकसारखे ओले राहणे त्याला मानवते.

हे शास्त्र आम्हांला पुस्तकांतून कळले ते नंतर. आधी ते एका वृद्ध ढिवराने आपल्या झाडीबोलीत एका वाक्यात सांगितले होते: “फादर, डोंगा पान्यात ठेवला त जिता रायते, उनात ठेवला त मरते.”

आमची चूक

ते वाक्य आम्ही ऐकले, पण मानले नाही. काही वर्षांपूर्वी पलीकडच्या काठावरील वस्त्यांना भेटी देण्यासाठी, आणि गावकऱ्यांच्याही उपयोगासाठी, लोकवर्गणीतून एक डोंगा घेतला होता. तो चालविण्याचे काम ह्याच बाबांकडे. फाल्गुनाच्या अखेरीस ते तो डोहात बुडवायला निघाले, तेव्हा आमच्या मनाला ते रुचले नाही. लोकांच्या कष्टाच्या पैशांची वस्तू चिखलात कुजेल, चोरीला जाईल, असे वाटले. आम्ही तो बैलगाडीवर घालून आवारात आणविला, विटांवर ठेवविला आणि वर नवी ताडपत्री बांधली. झाकलेला डोंगा पाहून आम्हांला समाधान वाटले. बाबा काही बोलले नाहीत. जाताना फक्त ताडपत्रीखाली हात घालून त्यांनी डोंग्याचे नाक चाचपले.

वैशाखात एका दुपारी आवारात फटाका फुटावा तसा आवाज झाला. ताडपत्री काढली, तेव्हा डोंग्याच्या नाकापासून हातभर लांबीची भेग आत गेलेली. ताडपत्रीखाली भट्टीसारखी धग होती. आम्ही झाकले होते ते पावसापासून, जो तीन महिने पडणारच नव्हता. आणि ज्या उन्हाचे भय होते ते छप्पराखालीही तितकेच होते.

बाबांनी दोष दिला नाही. त्यांनी भेगेवर पत्रा ठोकला, डांबर भरले, आणि पुढील हंगामात डोंगा चालविला. पण पूर्वी ते सहा माणसे घेत, त्या वर्षापासून चार घेऊ लागले. बाजाराच्या दिवशी लोक काठावर खोळंबत, कोणी रागावत, कोणी म्हणत, एवढी जागा आहे तर घ्या. बाबा मान हलवीत. चार म्हणजे चार. काठावर उन्हात थांबलेल्या त्या दोन-दोन माणसांत आम्हांला आमची चूक मोजता येत असे.

पुढील फाल्गुनात आम्ही त्यांच्याबरोबर डोहावर गेलो आणि विद्यार्थ्यासारखे पाहत राहिलो. डोह निवडायचा तो जेठ महिन्यापर्यंत न आटणारा. डोंगा काठाच्या सावलीच्या बाजूला न्यायचा, कलता करून पाण्याने भरू द्यायचा. आत दगड ठेवायचे, पण एका ठिकाणी नव्हे, लांबीभर वाटून. दोर काठावरच्या खुंट्याला बांधायचा. मग दर आठ-पंधरा दिवसांनी जाऊन पाहायचे; पाणी हटले असेल तर डोंगा आत सरकवायचा, कारण पाठीचा एक पट्टा जरी उघडा पडला तरी तेथूनच फाटायला सुरुवात होते. बांबू, वल्ही आणि जाळी घरी न्यायची; बांबू वळचणीला, जाळे चुलीजवळच्या आढ्याला. हेसिअडचे सुकाणू आम्हांला त्या आढ्याखाली आठवले. मृगाच्या आधी दगड काढायचे, डोंगा डोलवून पाणी सांडायचे, शेवाळ घासून काढायचे आणि दोन दिवस सावलीत ठेवून मगच तो पाण्यावर घ्यायचा.

अशी रीत एकट्या वैनगंगेची नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, जेथे सरोवरे हिवाळ्यात गोठतात, तेथील मूळ रहिवासी आपले कोरीव डोंगे हिवाळ्यापूर्वी उथळ पाण्यात बुडवून ठेवीत. मेंडोटा नावाच्या सरोवरातून २०२१ साली सुमारे १२०० वर्षांपूर्वीचा आणि २०२२ साली सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा डोंगा बाहेर काढला गेला. ते पाण्याखाली राहिले म्हणूनच टिकले. एका ठिकाणी बर्फ आणि दुसऱ्या ठिकाणी वैशाख, पण दोन्हीकडच्या माणसांनी लाकडाचे म्हणणे ऐकले आणि दोघेही एकाच उत्तराला पोहोचले.

साहेबांचा जलमार्ग

ह्या नद्यांवर मोठ्या नावा आणण्याचा एक प्रयत्न इतिहासात झाला आहे, आणि आमच्या ह्या छोट्या अनुभवाशी त्याचे नाते आहे. १८५३ साली नागपूरचे राज्य इंग्रजांकडे गेले. त्याच सुमारास गोदावरीच्या मुखाकडे धवळेश्वरचे मोठे धरण सर आर्थर कॉटन ह्यांनी पुरे केले होते. कॉटन ह्यांचा जलमार्गांवर दृढ विश्वास. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी ह्या वाटेने थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी योजना पुढे आली. काम पाहिले एफ. टी. हेग ह्या अभियंत्याने. मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा ह्या योजनेला विशेष जोर आला. सिरोंचा हे तेव्हा अप्पर गोदावरी ह्या निराळ्या जिल्ह्याचे ठाणे होते. हेग स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. दुम्मागुडेम येथे कोया आदिवासींमध्ये अँग्लिकन मिशनचे काम सुरू होण्यास त्यांचाच पुढाकार कारण झाला.

योजना फळाला आली नाही. तिन्ही अडथळे ओलांडले तरी पात्रात मोठ्या नावांना पुरेल इतके पाणी वर्षातून काही महिनेच असणार होते. खर्च वाढत गेला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोहोचली आणि कापसाला दुसरी वाट मिळाली. १८७१ साली जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले. आमच्या मते ह्या अपयशात हेग ह्यांच्या बुद्धीला किंवा निष्ठेला कमीपणा नाही. पण जी नाव वर्षातील निम्मा काळ झोपू शकत नाही, तिला ह्या नद्यांवर जागा नाही. अहेरीच्या रानातील सागाचे ओंडके तराफे बांधून पुराच्या पाण्याबरोबर राजमहेंद्रीपर्यंत जात. ते नदीच्या वेळेनुसार चालत, म्हणून पोहोचत. डोंगाही नदी निजली की निजतो. योजना गेली, डोंगा राहिला.

घाट, लिलाव आणि पूल

१८७८ च्या नौघाटविषयक कायद्याने मध्य प्रांतातील सार्वजनिक उतारांची व्यवस्था सरकारच्या हाती आली आणि घाटांचे लिलाव होऊ लागले. घाट घेणारा एक, नाव चालविणारा दुसरा, असे पुष्कळदा होऊ लागले. रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातील ढिवरांची माहिती आहे: मासेमारी, शिंगाडे लावणे, पालख्या वाहणे, पाणी भरणे. ग्रंथातून धंद्यांची नावे कळतात. हातांतले ज्ञान ग्रंथात उतरणे कठीण. त्याच काळात वनकायद्यांमुळे मोठी झाडे राखीव जंगलांत गेली, आणि डोंग्याला लागणारे खोड मिळणे अवघड होत गेले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. गावोगावचे तलाव सरकारकडे आले आणि मासेमारीच्या सहकारी संस्था झाल्या. तलावांवर डोंगे अजून दिसतात, पण पत्र्याच्या आणि फायबरच्या नावाही आल्या. त्यांना भेग पडत नाही आणि डोहात बुडवावे लागत नाही. सोयीची गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

नदीचे पंचांगही आता पूर्वीचे राहिलेले नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याचे दरवाजे उघडतात तेव्हा खालच्या गावांना पाणी कळते. मेडीगड्डा येथील बंधारा २०१९ मध्ये कार्यान्वित झाला, आणि सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना त्याच्या फुगवट्याचा त्रास सोसावा लागला. सिरोंच्याजवळ प्राणहिता आणि गोदावरी ह्या दोन्हींवर पूल झाले, आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी नावेची वाट पाहण्याचे दुःख तेथे संपले. ह्या पुलांबद्दल आम्ही देवाचे आभारच मानतो.

पण सगळीकडे पूल नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथील स्त्रिया मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी वैनगंगेच्या पलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा स्त्रिया बुडाल्या. तेथे कोणाचे काय चुकले हे ठरविण्याचा आम्हांला अधिकार नाही. ती वार्ता ऐकली तेव्हा आम्हांला फक्त बाबांचे ‘चार म्हणजे चार’ आठवले. एक दिवसाच्या मजुरीसाठी नदी ओलांडणाऱ्या बायांना पूल मिळेपर्यंत, त्यांचा जीव नाव आणि नावाडी ह्या दोहोंच्या हाती आहे. नाव जपणे हा केवळ लाकडाचा प्रश्न असता तर तो आम्ही ह्या पानांवर मांडलाच नसता.

गालीलची नाव

वाचकांना एक शेवटची नाव दाखवून थांबतो. १९८६ च्या जानेवारीत दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी फार हटले होते. गिनोसार वसाहतीतील दोन भावांना उघड्या पडलेल्या चिखलात लाकडाची एक कड दिसली. उत्खनन झाले, आणि सुमारे सव्वाआठ मीटर लांबीची नाव सापडली. ती साधारण ख्रिस्तप्रभूच्या काळातील आहे. ती संत पेत्राची किंवा प्रभू बसला त्याच नावांपैकी होती, असे म्हणण्यास आधार नाही, आणि तशी गरजही नाही. तिच्यात बारा जातींची लाकडे आहेत. मालक गरीब होता, जे मिळेल त्या लाकडाने तो तिला ठिगळे लावीत गेला. अखेर ती कामातून गेली, तेव्हा तिचे उपयोगी भाग काढून घेऊन बाकीची बुडू दिली गेली. चिखलाने आणि पाण्याने तिला दोन हजार वर्षे जपले. वर काढताच ती वाळून चुरा होण्याचे भय होते, म्हणून संशोधक तिच्यावर सतत पाणी शिंपीत राहिले, आणि पुढे कित्येक वर्षे तिला मेणासारख्या द्रावणाच्या टाकीत ठेवावे लागले. २००० सालापासून ती संग्रहालयात पाहायला मिळते. जे बाबा आम्हांला सांगत होते, तेच गालीलच्या चिखलाने जगातील विद्वानांना शिकविले.

आमच्या पाहुण्यांना हे सारे सांगितल्यावर ते बराच वेळ डोहाकडे पाहत बसले. मग म्हणाले, “आमच्याकडे होडी शाकारताना वडील काय काय करीत, ते मी कधी नीट विचारलेच नाही.” आम्हांला वाटते, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांचे आहे. आपण प्रार्थनामंदिरांचा इतिहास लिहितो, सणांच्या स्मरणिका काढतो, धर्मगुरूंची चरित्रे छापतो. पण कोणत्या महिन्यात होडी वर घ्यायची, कोणत्या तेलाचा हात द्यायचा, जाळे कोठे टांगायचे, किती माणसे बसवायची, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांची पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपत आहे. धर्मग्रामातील प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारावे आणि वहीत उतरवून ठेवावे. सगळेच आज उपयोगी पडेल असे नाही. पण विचारल्याने आपल्याला ऐकण्याची सवय लागेल. शताधिपतीने ऐकले नाही, आम्हीही ऐकले नव्हते.

यंदा मृगाच्या आधी डोंगा वर निघाला, तेव्हा आम्ही काठावर होतो. दगड काढले गेले, पाणी सांडले, शेवाळाखालून काळे, ओले, अखंड लाकूड वर आले. जुनी भेग पत्र्याखाली होती तशीच होती; एक बोटही पुढे सरकली नव्हती. बाबांनी नाक चाचपून पाहिले आणि मान डोलावली. त्यांनी नदीला नारळ दिला, आम्ही आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. पहिल्या फेरीला पाच जण उभे होते. चार बसले. पाचवे आम्ही होतो. आम्ही काठावर थांबलो.